विमानतळावरील सुरक्षा चौकशी आणि प्रवाशांचे घटनात्मक अधिकार

विमानतळावर सुरक्षा कर्मचारी, इमिग्रेशन अधिकारी, सीमाशुल्क अधिकारी किंवा पोलीस प्रवाशाची झडती घेतात वा त्याला प्रश्न विचारतात, तेव्हा भारतीय राज्यघटना व तिच्या आधारे झालेले कायदे त्या प्रवाशाला जे संरक्षण देतात, त्याचा विचार या लेखात केला आहे. हे संरक्षण प्रामुख्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४, १५, १९, २०(३), २१, २२ आणि २५ यांतून मिळते. 'विमानतळावरील प्रवाशांचे हक्क' असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. त्यामुळे प्रश्न कोण विचारत आहे, कोणत्या कायद्याखाली विचारत आहे आणि प्रवासी त्या क्षणी मोकळा आहे की ताब्यात, यावर त्याचे अधिकार ठरतात.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील प्रवाशांना मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेले नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि नाशिकजवळचे ओझर विमानतळ ही तीन विमानतळे जवळची आहेत. हे तिन्ही विमानतळ ठाणे जिल्ह्याच्या हद्दीबाहेर आहेत. त्यामुळे या तालुक्यांतील प्रवाशाला तपासणीच्या वेळी अडचण आली तर पोलीस ठाणे, न्यायालय आणि वकील ही सर्व यंत्रणा त्याच्या गावापासून दूर, दुसऱ्या जिल्ह्यात असते.

## पार्श्वभूमी

१० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या एका विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीनुसार जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेसाठी एक कक्ष स्थापन करण्यात आला. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान बॉम्बस्फोटात कोसळल्यानंतर १ एप्रिल १९८७ पासून या कक्षाचे रूपांतर नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो या स्वतंत्र विभागात झाले. विमानतळ सुरक्षेचे नियम व मानके हा ब्युरो ठरवतो.

पूर्वी विमानतळांची सुरक्षा त्या त्या राज्याच्या पोलिसांकडे होती. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ या विमानाचे अपहरण झाल्यानंतर हे काम टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे (सीआयएसएफ) सोपविण्यात आले. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर विमानतळापासून त्याची सुरुवात झाली.

विमानतळ सुरक्षेची तपशीलवार नियमावली पूर्वी १९३४ च्या विमान कायद्याखाली होती. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. २०११ च्या सुरक्षा नियमांऐवजी २०२३ मध्ये नवे विमान (सुरक्षा) नियम लागू झाले. विमानांना खोट्या धमक्या देण्याचे प्रकार वाढल्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये या नियमांत दुरुस्ती करण्यात आली.

## घटनात्मक आधार

### प्रवासाचा हक्क

अनुच्छेद १९(१)(घ) नुसार प्रत्येक नागरिकाला भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क आहे. अनुच्छेद १९(५) नुसार सार्वजनिक हितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या हितसंरक्षणासाठी या हक्कावर वाजवी निर्बंध घालता येतात. हा हक्क फक्त नागरिकांना आहे. अनुच्छेद १४, २०, २१ व २२ यांचे संरक्षण मात्र परदेशी प्रवाशालाही मिळते.

परदेशी जाण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात बहुमताने ठरविले. तोपर्यंत पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी मानली जात होती. या निर्णयानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा संमत झाला. मनेका गांधी विरुद्ध भारत सरकार (१९७८) या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती केवळ कायद्यात लिहिलेली असणे पुरेसे नाही, ती न्याय्य, वाजवी व स्वैरपणापासून मुक्त असली पाहिजे, असे तत्त्व त्या निर्णयाने प्रस्थापित केले.

### स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क

अनुच्छेद २०(३) नुसार अपराधाचा आरोप असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. या हक्काच्या मर्यादा विमानतळाच्या संदर्भात महत्त्वाच्या ठरतात. एम. पी. शर्मा खटल्यात (१९५४) झडती व जप्ती म्हणजे सक्तीची साक्ष नव्हे, असे ठरले. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड (१९६१) या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने देणे या संरक्षणात बसत नसल्याचे सांगितले. त्यामुळे 'माझी पिशवी उघडणे म्हणजे माझ्याविरुद्ध साक्ष देणे' हा युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही.

नंदिनी सत्पथी विरुद्ध पी. एल. दाणी (१९७८) या खटल्यात मात्र न्यायालयाने हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीच्या टप्प्यापर्यंत विस्तारले. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य (२०१०) या निर्णयाने नार्को चाचणी, पॉलिग्राफ व ब्रेन मॅपिंग या चाचण्या संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय करण्यास मनाई केली.

### खासगीपणा व प्रतिष्ठा

न्या. के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचे एकमताने घोषित केले. या हक्कावरील निर्बंधाला कायद्याचा आधार हवा, त्यामागे वैध उद्दिष्ट हवे आणि तो त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा, अशा कसोट्या या निर्णयातून पुढे आल्या. विमानात शस्त्र किंवा स्फोटके जाऊ नयेत हे उद्दिष्ट वैध असल्याविषयी फारसा वाद नाही. वाद उद्भवतो तो प्रमाणाबाबत. तपासणी त्या उद्दिष्टापुरती आहे की तिचा वापर दुसऱ्याच कारणासाठी होत आहे, हा खरा प्रश्न असतो.

## प्रश्न विचारणारे अधिकारी व त्यांचे अधिकार

### सुरक्षा तपासणी कर्मचारी

सुरक्षा दालनात प्रवेश करण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाची अंगझडती आणि हातातील सामानाची क्ष-किरण तपासणी होते. ही तपासणी विशिष्ट व्यक्तीवरील संशयातून होत नाही, ती सर्वांना सारखीच लागू असते. तिला नकार देणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही, मात्र तपासणी न झालेल्या प्रवाशाला विमानात बसू दिले जात नाही. महिला प्रवाशांची अंगझडती महिला कर्मचारीच पडद्याआडच्या कक्षात घेतात.

सीआयएसएफ कायदा, १९६८ च्या कलम ११ व १२ नुसार दलाच्या जवानांना काही परिस्थितींत वॉरंटशिवाय अटक करण्याचे व झडती घेण्याचे अधिकार आहेत. कलम १३ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला विनाविलंब पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करावे लागते किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावे लागते. गुन्ह्याचा तपास करणे हे या दलाचे काम नाही. त्यामुळे तपासणीच्या रांगेत 'ही पिशवी कोणाची', 'सामान कोणी भरले', 'आत काय आहे' असे सुरक्षेशी निगडित प्रश्न विचारले जाणे अपेक्षित असते. सविस्तर जबाब नोंदविणे हे पोलिसांचे काम होय.

या टप्प्यावर प्रवाशावर कोणत्याही अपराधाचा आरोप नसतो. म्हणून अनुच्छेद २०(३) चे संरक्षण काटेकोर अर्थाने तेथे सुरू झालेले नसते. उत्तर न देणाऱ्या प्रवाशाला केवळ मौनासाठी शिक्षा होत नाही, परंतु त्याची अधिक तपासणी होऊ शकते आणि विमान चुकू शकते. ज्याने तिकिटासाठी अनेक महिन्यांची बचत खर्च केली आहे, त्याच्या दृष्टीने ही किंमत शिक्षेहून फार वेगळी नसते. खोटे उत्तर देणे किंवा बॉम्बविषयी थट्टा करणे यामुळे मात्र फौजदारी कारवाई ओढवू शकते.

### इमिग्रेशन अधिकारी

आंतरराष्ट्रीय प्रवासात पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवासाचा हेतू यांची विचारपूस इमिग्रेशन अधिकारी करतात. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तींच्या पासपोर्टवर सामान्यतः 'ईसीआर' ही नोंद असते. असा पासपोर्टधारक आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जात असेल, तर परदेशगमन कायदा, १९८३ नुसार त्याला उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची परवानगी आवश्यक असते. मजुरांची परदेशात फसवणूक होऊ नये हा या तरतुदीचा हेतू आहे. तथापि पर्यटक व्हिसावर पाठवणाऱ्या दलालाने खरी माहिती दडवलेली असल्यास विमानतळावर अडवला जातो तो मजूर.

एखाद्या व्यक्तीविरुद्ध लूकआउट सर्क्युलर निघाले असेल, तर तिला इमिग्रेशन कक्षावर थांबविले जाते. या परिपत्रकांना संसदेच्या स्वतंत्र कायद्याचा नव्हे, तर गृह मंत्रालयाच्या कार्यालयीन सूचनांचा आधार आहे. त्यामुळे ती अनेकदा न्यायालयीन छाननीत आली आहेत. जानेवारी २०१५ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांना दिल्ली विमानतळावर लंडनला जाण्यापासून रोखण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ही कृती घटनाबाह्य ठरविली. २९ मार्च २०२२ रोजी पत्रकार राणा अय्यूब यांना मुंबई विमानतळावर अशाच परिपत्रकाच्या आधारे अडविण्यात आले. ४ एप्रिल रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना अटींसह परदेशी जाण्याची परवानगी दिली. २३ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या प्रमुखांना कर्जदारांविरुद्ध लूकआउट सर्क्युलरची मागणी करण्याचा दिलेला अधिकार रद्द केला. कर्जवसुलीसाठी कोणाचाही प्रवासाचा मूलभूत हक्क कार्यालयीन सूचनेने काढून घेता येत नाही, हा या निर्णयाचा गाभा होता.

### सीमाशुल्क अधिकारी

सीमाशुल्क कायदा, १९६२ मध्ये प्रवाशाच्या झडतीविषयी तपशीलवार तरतुदी आहेत. कलम १०२ नुसार ज्याची अंगझडती घ्यायची आहे त्याने मागणी केल्यास त्याला सीमाशुल्क खात्याच्या जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर न्यावे लागते. झडती दोन किंवा अधिक पंचांसमक्ष घेऊन जप्त वस्तूंची यादी करावी लागते आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी लागते. शरीरात माल लपविल्याचा संशय असल्यास क्ष-किरण तपासणीसाठी कलम १०३ नुसार दंडाधिकाऱ्यांचा सहभाग आवश्यक असतो. संबंधित व्यक्तीने स्वतः कबुली देऊन तपासणीला संमती दिली तर गोष्ट वेगळी.

कलम १०८ खाली समन्स मिळालेल्या व्यक्तीवर सत्य सांगण्याचे बंधन असते. सीमाशुल्क अधिकारी हे पोलीस अधिकारी नव्हेत आणि त्यांच्यासमोर चौकशी होत असलेली व्यक्ती 'आरोपी' नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने रमेशचंद्र मेहता खटल्यात (१९६८) ठरविले होते. म्हणून त्यांच्यासमोर दिलेला जबाब पुरावा म्हणून वापरला जाऊ शकतो. सही करण्यापूर्वी जबाब वाचून घेण्याचे, किंवा वाचता येत नसल्यास समजेल अशा भाषेत वाचून दाखविण्याची मागणी करण्याचे, महत्त्व यावरून लक्षात येते. अमली पदार्थांच्या प्रकरणांत मात्र तूफान सिंग विरुद्ध तमिळनाडू राज्य (२०२०) या निर्णयानंतर तपास अधिकाऱ्यासमोरील कबुलीजबाब दोषसिद्धीसाठी ग्राह्य धरला जात नाही.

अमली पदार्थ कायद्याच्या (१९८५) कलम ५० नुसार अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क असल्याचे संबंधित व्यक्तीला सांगावे लागते. हे संरक्षण शरीराच्या झडतीपुरते आहे. सामानाच्या झडतीला ते लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पवनकुमार खटल्यात (२००५) स्पष्ट केले.

### पोलीस

सुरक्षा दलाने हवाली केलेल्या व्यक्तीची पुढील चौकशी स्थानिक पोलीस करतात. मुंबई विमानतळ परिसरात हे काम मुंबई पोलिसांकडे असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (१ जुलै २०२४ पासून लागू) च्या कलम १८० नुसार प्रकरणाची माहिती असलेल्या व्यक्तीने पोलिसांच्या प्रश्नांना खरी उत्तरे देणे बंधनकारक आहे. ज्यांच्या उत्तरामुळे स्वतःवर फौजदारी आरोप येण्याची शक्यता आहे, अशा प्रश्नांना मात्र उत्तर देण्याचे बंधन नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २३ नुसार आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही.

## ताब्यात घेणे व अटक

'फक्त चौकशीसाठी बसवले आहे, अटक केलेली नाही' हे विधान विमानतळावर आणि पोलीस ठाण्यात वारंवार ऐकू येते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये अशक हुसेन खटल्यात याबाबत स्पष्ट भूमिका घेतली. कागदावर अटकेची वेळ कोणती नोंदवली यापेक्षा व्यक्तीच्या हालचालींवर प्रत्यक्ष बंधन केव्हा आले, त्या क्षणापासून अटक सुरू होते, असे न्यायालयाने सांगितले. चोवीस तासांची मुदत मोजण्याच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा मानला जातो.

अटकेनंतर पुढील संरक्षणे लागू होतात :

* अटकेची कारणे कळविणे (अनुच्छेद २२(१) व संहितेचे कलम ४७).
* नातेवाईक किंवा मित्राला अटकेची माहिती देणे (कलम ४८).
* पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क. कलम ३८ नुसार चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र संपूर्ण चौकशीभर तो सोबत असेलच असे नाही.
* प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे (अनुच्छेद २२(२) व कलम ५८).
* अटकेच्या वेळी पंचनामा, वैद्यकीय तपासणी व नोंदी यांविषयी डी. के. बसू खटल्यात (डिसेंबर १९९६) सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे.

२७ फेब्रुवारी २०२५ रोजी राधिका अग्रवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीमाशुल्क व वस्तू-सेवा कर कायद्यांखालील अटकेलाही फौजदारी प्रक्रियेतील ही संरक्षणे लागू असल्याचे सांगितले. रात्रभर जागे ठेवून जबाब घेण्याच्या पद्धतीवर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाच्या एका प्रकरणात नापसंती व्यक्त केली आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे नमूद केले.

### भाषेचा प्रश्न

कारणे 'कळविणे' याचा अर्थ ती समजतील अशा भाषेत सांगणे असा न्यायालयांनी लावला आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६२) या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या खटल्यात, इंग्रजी न जाणणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीत कारणे देऊन त्यांचे तोंडी भाषांतर सांगणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. महाराष्ट्रातूनच आलेल्या दुसऱ्या एका अपिलात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने, सर्व गुन्ह्यांत अटकेची कारणे लेखी स्वरूपात आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असे सांगितले.

अटकेपूर्वीच्या तपासणीबाबत असा स्पष्ट नियम नाही. विमानतळांवरील जवान देशाच्या विविध भागांतून आलेले असतात व संवाद बहुधा हिंदी किंवा इंग्रजीत होतो. ऑगस्ट २०२० मध्ये खासदार कनिमोळी यांनी चेन्नई विमानतळावर आपल्याला हिंदी येत नसल्याचे सांगितल्यावर आपल्या भारतीयत्वाविषयी प्रश्न विचारला गेल्याचे जाहीर केले. त्यानंतर सीआयएसएफने चौकशीचे आदेश दिले होते.

## समानता, धर्म व अपंगत्व

अनुच्छेद १५ नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून राज्यसंस्थेला भेदभाव करता येत नाही. हालचाली किंवा वर्तन संशयास्पद वाटल्यास अधिक तपासणी करता येते, मात्र पेहराव, आडनाव किंवा जमात हेच संशयाचे कारण ठरले तर ती कृती अनुच्छेद १४ व १५ च्या कसोटीवर टिकणे कठीण असते. भारतात संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरीही भटक्या-विमुक्तांविषयीचा पूर्वग्रह टिकून असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला जातो. देशांतर्गत विमानप्रवासात पाते सहा इंचांपर्यंत व एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत असलेले कृपाण नेण्यास मार्च २०२२ च्या आदेशानुसार मुभा आहे.

अपंग प्रवाशांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न जीजा घोष विरुद्ध भारत सरकार (मे २०१६) या खटल्यात पुढे आला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या घोष यांना २०१२ मध्ये विमानातून उतरविण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी प्रत्येक प्रवासात कृत्रिम पाय काढून दाखवावा लागत असल्याची व्यथा जाहीरपणे मांडली. सीआयएसएफने त्यांची माफी मागितली. १ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रतिष्ठा राखण्यासाठी अपंग प्रवाशांना कृत्रिम अवयव काढण्यास सांगू नये आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यांना उचलू नये, असे मत नोंदविले.

तपासणीतून सूट असलेल्या उच्चपदस्थांची यादीही समानतेच्या चर्चेचा विषय झाली आहे. एप्रिल २००९ मध्ये माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची दिल्ली विमानतळावर एका परदेशी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी झडती घेतली. ते सूट असलेल्यांच्या यादीत असल्याने कंपनीने नंतर माफी मागितली. कलाम यांनी स्वतः त्या वेळी कोणतीही तक्रार केली नव्हती.

## मोबाइल फोन व चेहरा-ओळख

उपकरण स्फोटक नाही याची खात्री करण्यासाठी फोन किंवा लॅपटॉप सुरू करून दाखविण्यास सांगणे सुरक्षा तपासणीच्या हेतूत बसते. त्यातील संदेश वाचणे मात्र त्या हेतूच्या पलीकडे जाते आणि त्यासाठी तपास यंत्रणेला स्वतंत्र कायदेशीर आधार लागतो. पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते का, याविषयी कर्नाटक उच्च न्यायालयाचा २०२१ चा निर्णय व दिल्लीतील विशेष न्यायालयाचा २०२२ चा आदेश यांत वेगवेगळी मते आढळतात.

१ डिसेंबर २०२२ पासून काही विमानतळांवर सुरू झालेली 'डिजियात्रा' ही चेहरा ओळखून प्रवेश देणारी सुविधा ऐच्छिक आहे. ती न वापरता ओळखपत्र व बोर्डिंग पास दाखवून प्रवेश मिळतो.

## शहापूर व मुरबाड तालुक्यांचा संदर्भ

संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. वारली, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या जमातींची येथे मोठी वस्ती आहे. शहापूर तालुक्यातील प्रवासी वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी किंवा कसारा या स्थानकांवरून, तर रेल्वे नसलेल्या मुरबाडचे प्रवासी रस्त्याने कल्याणमार्गे मुंबईकडे जातात. पहिल्यांदाच विमानाने जाणाऱ्यांना विमानतळावरील कार्यपद्धती अपरिचित असते. विळा, कोयती, सुरी यांसारख्या शेतीच्या व घरगुती वस्तू हातातील पिशवीत नेता येत नाहीत. अशी वस्तू सापडल्यास ती बहुधा काढून ठेवली जाते. जिवंत काडतूस सापडल्यास मात्र शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. वस्तू आपल्याजवळ असल्याची जाणीव आरोपीला होती का, हा अशा खटल्यांत निर्णायक मुद्दा असतो.

तक्रार करू इच्छिणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने दोन तरतुदी विशेष उपयुक्त आहेत. पहिली म्हणजे 'झिरो एफआयआर'. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोठेही घडला असला तरी त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. त्यामुळे मुंबईत घडलेल्या घटनेची तक्रार ठाणे ग्रामीण पोलिसांच्या शहापूर, मुरबाड, किन्हवली, कसारा किंवा टोकावडे या ठाण्यांतही नोंदविता येते व ती पुढे संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. दुसरी म्हणजे मोफत विधी साहाय्य. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावर यासाठी संपर्क साधता येतो.

मुंबई-नाशिक महामार्गावरील नाकाबंदी किंवा रेल्वे स्थानकावरील सामान तपासणी आणि विमानतळावरील तपासणी यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. विमानतळावर सर्वांची तपासणी ही प्रवेशाची पूर्वअट असते. रस्त्यावर वाहनाची कागदपत्रे दाखविणे बंधनकारक असले तरी व्यक्तीच्या किंवा सामानाच्या झडतीसाठी पोलिसांना कायद्यातील एखाद्या तरतुदीचा आधार दाखवावा लागतो. घटनात्मक हक्क मात्र दोन्ही ठिकाणी सारखेच लागू असतात.

## दाद मागण्याचे मार्ग

मूलभूत हक्काचा भंग झाल्यास अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालयात किंवा अनुच्छेद ३२ नुसार सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करता येते. राज्यसंस्थेने अनुच्छेद २१ चा भंग केल्यास न्यायालय भरपाई देऊ शकते, हे तत्त्व रुदुल साह (१९८३) व नीलाबती बेहेरा (१९९३) या खटल्यांत प्रस्थापित झाले. प्रशासकीय तक्रार विमानतळावरील सीआयएसएफच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, 'एअरसेवा' या सरकारी व्यवस्थेत किंवा केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर नोंदविता येते.

या मार्गांना मर्यादाही आहेत. सीआयएसएफ हे केंद्राचे सशस्त्र दल असल्याने मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ च्या कलम १९ नुसार राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला स्वतः तपास न करता केंद्र सरकारकडून अहवाल मागवून शिफारस करावी लागते. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत या दलाचा समावेश असल्याने भ्रष्टाचार व मानवी हक्कभंग यांखेरीज अन्य माहिती देण्याचे त्यावर बंधन नाही. सीसीटीव्हीचे चित्रण कायमस्वरूपी जतन होत नसल्यामुळे तारीख, वेळ, प्रवेशद्वार व रांगेचा क्रमांक नमूद करून लगेच केलेली लेखी तक्रार अधिक उपयोगी ठरते.

## इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत राज्यघटनेची चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. तेथील न्यायालये विमानतळावरील तपासणीला 'प्रशासकीय झडती' मानतात. २००७ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने, तपासणी सुरू झाल्यावर प्रवाशाला संमती मागे घेऊन निघून जाता येत नाही, असे ठरविले. ब्रिटनमध्ये दहशतवाद कायदा, २००० च्या सातव्या अनुसूचीनुसार बंदर व विमानतळांवर संशयाशिवायही चौकशी करता येते आणि उत्तर न देणे हा गुन्हा ठरतो. २०१९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने या अधिकाराच्या तत्कालीन स्वरूपात खासगी जीवनाच्या हक्काचे पुरेसे संरक्षण नसल्याचा निर्णय दिला. त्या तुलनेत भारतात मौनासाठी थेट शिक्षा नाही, मात्र सुरक्षा कर्मचाऱ्यांनी कोणते प्रश्न विचारावेत याची सीमा सांगणारा कायदाही नाही.

## हे सुद्धा पहा

* भारतीय राज्यघटनेतील मूलभूत हक्क
* मनेका गांधी विरुद्ध भारत सरकार
* केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल
* शहापूर तालुका
* मुरबाड तालुका